वहीचे डावे पान

एकदा असे घडले, की एका वृद्ध गणितज्ञाचे मोल बारा भरते की अकरा, हे ठरवण्याचे काम त्याच्याच शिष्याकडे आले.

शिष्याचे नाव श्रीनिवास कोंडविलकर. त्याला शिष्य म्हणायचे ते या गोष्टीपुरतेच, कारण त्याने पन्नाशी ओलांडली होती, तो विद्यापीठाच्या गणित विभागाचा प्रमुख होता आणि त्याच्या हाताखाली चौदा प्राध्यापक होते. गणितात मोठ्या सिद्धतेला टेकू देणारे जे छोटे विधान असते त्याला लेमा म्हणतात. असा एक लेमा जगभर 'कोंडविलकर लेमा' या नावाने ओळखला जात होता. परदेशातल्या परिषदेत कुणी पाहुण्यांची ओळख करून देताना "हेच ते लेमावाले" असे म्हणाले, की श्रीनिवास मान खाली घालून हसत असे. सुरुवातीला त्या हसण्यात संकोच होता. बावीस वर्षांत तो संकोच कुठे गेला ते त्याचे त्यालाही कळले नव्हते.

आणि ज्यांचे मोल ठरवायचे ते गुरू म्हणजे अच्युतराव बेहेरे. वय सत्याहत्तर. निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली तरी विभागाच्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत ते रोज येऊन बसत. खोली केवढीशी? एक टेबल, दोन कपाटे, चार खुर्च्या आणि एका अख्ख्या भिंतीवर काळा फळा. दर बुधवारी दुपारी तीन वाजता त्या खोलीचे दार उघडे असे. ज्याचे गणित अडले असेल त्याने यावे. विद्यार्थी असो, प्राध्यापक असो, बाहेरगावच्या शाळेतला शिक्षक असो, कोणालाही मज्जाव नव्हता. नियम एवढाच, की आल्यावर उत्तर मागायचे नाही. कुठे अडले आहे ते फळ्यावर लिहून दाखवायचे. निम्मे लोक ते लिहिता लिहिताच "अरेच्चा!" म्हणून खडू खाली ठेवत आणि चहा पिऊन परत जात. उरलेल्यांबरोबर सर सहा-सहा वाजेपर्यंत उभे राहत.

आता विद्यापीठाला संगणककक्षासाठी जागा हवी होती. हवी होती म्हणजे खरोखरच हवी होती. मुले दोन-दोन पाळ्यांत बसत होती. तेव्हा निवृत्तांना दिलेल्या खोल्यांचा फेरविचार करायचे ठरले आणि त्यासाठी एक नियम झाला. ज्या निवृत्त प्राध्यापकाचा संशोधन-निर्देशांक बारा किंवा त्याहून अधिक असेल, त्याची खोली आणखी तीन वर्षे राहील. बाकीच्यांनी किल्ली जमा करावी. निर्देशांक बारा म्हणजे काय, तर तुमच्या निदान बारा शोधनिबंधांना इतर संशोधकांनी प्रत्येकी निदान बारा वेळा संदर्भ म्हणून वापरलेले असावे. हिशेब सोपा, यंत्र तो क्षणात करते आणि कुणाची भीडमुर्वत नाही. श्रीनिवासला हा नियम मनापासून पसंत होता. वशिल्याने खोल्या मिळवलेले दोन-चार महाभाग त्याने पाहिले होते.

सोमवारी सकाळी त्याने सरांचे नाव यंत्रात घातले. आकडा आला बारा. बरोब्बर बारा. यादीच्या शेंड्याला शहाण्णव संदर्भांचा एक निबंध, मग एकेचाळीस, मग तीस, असे उतरत उतरत बाराव्या निबंधाला बारा संदर्भ आणि तेराव्याला नऊ. श्रीनिवासचा जीव भांड्यात पडला. खरे तर आकडा येईपर्यंत आपल्याला एवढी धास्ती वाटत होती हे त्याला आकडा आल्यावरच समजले. ती खोली गेली तर सर येणार कुठे, आणि सर आले नाहीत तर आपल्या विभागात नेमके काय उरेल, हा प्रश्न त्याने दोन आठवडे मनातल्या मनात दाबून ठेवला होता.

बुधवारी तो यादी घेऊन वर गेला. तीन वाजायला अवकाश होता. सर फळा पुसत होते. श्रीनिवास नेहमीच्या खुर्चीत बसला. समोरच्या भिंतीवर त्या खोलीतली एकुलती एक चौकट होती. तिच्यात पुरस्कार नव्हता, की छायाचित्रही नव्हते. पिवळ्या पडलेल्या कागदावर सतरा ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, एवढेच. नवखे लोक तिला रांगोळी समजत. श्रीनिवासही पंचवीस वर्षे रांगोळीच समजत आला होता आणि सरांना रांगोळीचा षोक कधी लागला, हे त्याने कधी विचारले नव्हते.

"सर, सही तेवढी हवी आहे," तो म्हणाला. "खाली लिहिलंय बघा. 'वरील यादी माझ्या संशोधनाची असून ती बरोबर आहे.' निर्देशांक बारा आलाय. खोली राहिली."

"वा," सर म्हणाले. त्यांनी हात झटकले, चष्मा लावला आणि यादी वाचायला घेतली. मग खिशातली पेन्सिल काढून त्यांनी सर्वांत वरच्या, शहाण्णव संदर्भांच्या निबंधावर शांतपणे एक आडवी रेघ मारली. खाली सही केली आणि कागद परत दिला.

श्रीनिवासला वाटले, चुकून झाले. म्हाताऱ्या माणसाचा हात, पेन्सिल घसरली असेल.

"सर, हा तर तुमचा सर्वांत गाजलेला निबंध!"

"हो ना."

"तो काढला तर अकरा राहतात. तेराव्याला नऊच संदर्भ आहेत, तो वर सरकत नाही."

"बरोबर आहे. अकराच."

"अकरा झाले तर खोली जाते, सर!" श्रीनिवासचा आवाज चढला. या खोलीत त्याचा आवाज आजवर कधी चढला नव्हता.

सरांनी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसले. "श्रीनिवास, तू हा निबंध वाचलायस?"

आता आली का पंचाईत! निबंध शेहेचाळीस वर्षांपूर्वीचा, विषय थोडा बाजूचा. गुरूच्या नावावरचे शहाण्णव संदर्भ शिष्याने अभिमानाने मोजले होते, शंभर जणांना सांगितले होते, पण मूळ निबंध उघडून पाहण्याचा योग काही आला नव्हता.

"बरं, निबंध राहू दे. ज्या शहाण्णवांनी त्याचा संदर्भ दिलाय, त्यातले दोन-तीन उघड. कुठलेही."

श्रीनिवासने लॅपटॉप उघडला. पहिल्या निबंधात तिसऱ्या पानावर वाक्य होते: 'बेहेरे यांचे विधान सर्व जाळ्यांना लागू पडत नाही.' दुसऱ्यात होते: 'बेहेरे यांच्या सिद्धतेतील चूक टाळण्यासाठी आम्ही वेगळा मार्ग घेतो.' तिसरा जरा सभ्य माणसाचा होता. त्याने लिहिले होते: 'बेहेरे यांच्या चुकीमुळे हा सारा विषय जन्माला आला.' श्रीनिवासने आणखी सहा उघडले. सहांतही तेच. त्याने लॅपटॉप मिटला.

सर चौकटीकडे बोट दाखवत म्हणाले, "ते सतरा ठिपके पाहिलेस? अमुक प्रकारचं ठिपक्या-रेघांचं प्रत्येक जाळं, रेघेने जोडलेले दोन ठिपके एका रंगाचे न होऊ देता, तीन रंगांत रंगवता येतं, असं मी एकतिसाव्या वर्षी सिद्ध केलं. मोठा थाटात होतो. वर्षभरात परदेशातून एका बाईंचं पत्र आलं. पत्रात अक्षर एक नाही, फक्त हे चित्र. रंगवून बघा, म्हणून. मी तीन दिवस रंगवत बसलो. नाही रंगत. मग मी त्याच नियतकालिकाला अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं, की माझं विधान खोटं आहे आणि ते खोटं असल्याचं या बाईंनी दाखवलं. त्या अर्ध्या पानाला आजवर किती संदर्भ मिळाले, सांग बरं."

श्रीनिवासने यादीच्या तळाशी पाहिले. "दोन."

"दोन!" सर मनापासून हसले. "चूक केली त्याचे शहाण्णव, कबूल केली त्याचे दोन."

"पण सर, तो तिसरा माणूस काय म्हणतो? तुमच्या चुकीतून एक अख्खी शाखा निघाली. मग ते योगदान नाही का?"

"ती शाखा ज्यांनी चूक शोधली आणि दुरुस्त केली, त्यांची. मी खड्डा ठेवला होता, पूल त्यांनी बांधला." मग ते जे बोलले ते श्रीनिवासने नंतर अनेकांना, शब्दही न बदलता सांगितले आहे. "हे बघ, मी गणिती आहे. आकड्याशी माझं वैर कसं असेल? आकडा खोटं बोलत नाही. पण तो विचारलं तेवढंच सांगतो. चौकात शंभर माणसं जमली आहेत, एवढं तो सांगेल. ती लग्नाला जमलीत की अपघात बघायला, ते पायात चपला घालून तिथवर जाऊनच बघावं लागतं. संदर्भ म्हणजे काय रे? आपण त्याला मान समजायला लागलो, तिथे घोटाळा झाला. संदर्भ हा मान नाही, पत्ता आहे. ही गोष्ट मला कुठे मिळाली, तो पत्ता. मागून येणाऱ्याला वाटलं तर त्याने तिथे जाऊन खातरजमा करावी, म्हणून लिहायचा. माझ्या त्या निबंधाच्या पत्त्यावर कोणी गेला तर त्याला खोटं विधान मिळेल. आणि 'ही यादी बरोबर आहे' याच्याखाली मी सही करू?"

गुरूबद्दल श्रीनिवासला आदर होताच. पण ज्या खोलीवर त्यांचा सारा दिवस उभा होता ती पेन्सिलीच्या एका रेघेने सोडून देणारा माणूस पाहून त्याचा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी त्या माणसाचा भयंकर रागही आला. तुमचे बाणेदारपण तुमच्यापाशी, बुधवारी तीन वाजता लोकांनी जायचे कुठे?

त्याने दुसरी वाट काढून पाहिली. "अर्जात शेवटी एक रकाना आहे. 'इतर योगदान, दोनशे शब्दांत.' खोल्यांच्या समितीला वाटलं तर ती त्याचा विचार करू शकते. तुमच्या त्या बुधवारच्या वह्या द्या. त्यात न छापलेलं पुष्कळ असेल."

सर फळा पुसण्याआधी त्यावरचे कामाचे ते एका लांबट वहीत उतरवून घेत, हे सगळ्यांना ठाऊक होते. अशा साठ-सत्तर वह्या कपाटात होत्या. सरांनी कपाट उघडून दिले. "ने. हव्या तितक्या ने. फक्त एक कर. उजवी पानं वाचशील तशी डावीही वाच."

श्रीनिवासने स्वतःच्या विद्यार्थिदशेच्या काळातल्या दोन वह्या निवडल्या. त्या काळातले आपल्याला निदान समजेल तरी, असा त्याचा विचार.

गुरुवारी सकाळी विभागात कोणी यायच्या आत तो वह्या उघडून बसला. उजव्या पानावर गणित होते, सरांच्या त्या टपोऱ्या अक्षरात. डाव्या पानावर दोन-तीनच ओळी असत. विद्यार्थी असताना त्याला वाटे, सर तिथे हजेरी मांडतात. आता वाचले तर प्रत्येक डाव्या पानाच्या डोक्यावर एकच शब्द होता: 'कोणाकडून'. आणि खाली नाव. 'ही युक्ती आमच्या शाळेतले गोखलेमास्तर भूमितीत वापरीत.' 'हे उदाहरण विभागातल्या ग्रंथपाल विजयाबाई सामंत यांनी पुस्तके रचताना सुचवले.' 'ही अडचण कर्जतच्या शिक्षकांनी आणली. नाव विचारायचे राहून गेले, पुढच्या बुधवारी विचारणे.' त्याखाली वेगळ्या शाईने: 'विचारले. दगडू सीताराम पेरणे.'

श्रीनिवास पाने उलटत गेला. ज्या माणसाने एका रेघेने शहाण्णव संदर्भ टाकून दिले होते, त्याने एका ग्रंथपालबाईंचे बोलण्यातले वाक्य चोवीस वर्षे सांभाळून ठेवले होते. हे मोजायला कोणत्या यंत्रात घालायचे?

आणि मग एका पानावर त्याचा हात थांबला. उजवीकडे फळ्यावरचे एक छोटे विधान होते, सात ओळींच्या सिद्धतेसह. ते विधान त्याच्या इतके ओळखीचे होते, की प्रथम त्याला त्यात काहीच विशेष दिसले नाही. दुसऱ्यांदा वाचल्यावर दिसले. तो कोंडविलकर लेमा होता.

तारीख त्याच्या निबंधाच्या दोन वर्षे आधीची होती.

त्याने स्वतःचा तो निबंध काढला. एकशे चाळीस संदर्भ, त्याच्या कीर्तीचा पाया. सातव्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत, तिशीतल्या श्रीनिवासने लिहिले होते: 'हे सर्वश्रुत आहे, की...' आणि पुढे ते विधान. सिद्धता तळटिपेत, सात ओळींत.

गणितात हे शब्द फार सोयीचे असतात. जे सगळ्यांना माहीत आहे त्याचा पत्ता द्यावा लागत नाही. आणि तिशीतल्या श्रीनिवासने ते कपटाने लिहिले नव्हते, हेही तितकेच खरे. दर बुधवारी त्या फळ्यासमोर बसून बसून ते विधान त्याच्या अंगी इतके मुरले होते, की ते साऱ्या जगालाच ठाऊक असणार असे त्याने गृहीत धरले. सर्वश्रुत! ऐकले होते ते एका खोलीतल्या चार खुर्च्यांनी. जगाने शोधले, तर ते कुठल्याच पुस्तकात सापडेना. मग जगाने श्रीनिवासच्या सातव्या पानाचा पत्ता दिला आणि पुढे त्याचेच नाव त्या विधानाला चिकटले. नाव चिकटले तेव्हा तरी त्याला आठवायला हवे होते. खरे सांगायचे तर एकदा आठवलेही होते, विमानतळावर, एका परिषदेहून परतताना. मग विमानाची घोषणा झाली आणि तो उठून चालायला लागला.

त्याने भीत भीत वहीच्या डाव्या पानाकडे पाहिले. 'कोणाकडून' या शब्दाखाली सरांनी लिहिले होते: 'प्रश्न श्रीनिवास कोंडविलकरचा. त्याने चुकून दोन बिंदू गाळले, त्यामुळे वाट दिसली. त्याच्याविना हे सुचले नसते.'

विभागात माणसे येऊ लागली, शेजारच्या खोलीत तास सुरू झाला, तरी श्रीनिवास त्या पानासमोर बसून होता. त्याच्या एका चुकलेल्या आकृतीचेही श्रेय गुरूने टिपून ठेवले होते. त्याने मात्र गुरूच्या सात ओळी साऱ्या जगाच्या नावावर टाकल्या आणि जगाने त्या परत त्याच्या नावावर केल्या. वह्या मिटून तो तसाच जिना चढून वर गेला.

सर डबा खात होते. श्रीनिवासने वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली, शेजारी स्वतःच्या निबंधाचे सातवे पान ठेवले.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"बावीस वर्षं! सर, तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत."

"काय बोलायचं?" सरांना खरोखरच नवल वाटलेले दिसले. "लेमा बरोबर आहे. मी दोनदा तपासला. मस्त छापलायस." मग शिष्याचा चेहरा पाहून त्यांनी डबा बाजूला सारला. "श्रीनिवास, मला त्याचं काही वाटलं नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पहिल्यांदा ते नाव वाचलं तेव्हा आठवडाभर वाटलं. मग वाटलं, माझ्या फळ्यावर राहिलं असतं तर पुसलं गेलं असतं. तू ते लोकांपर्यंत नेलंस. तेही काम आहे."

"पण पत्ता चुकीचा दिला."

"हो," सर म्हणाले. "तेवढं मात्र झालं."

शनिवारी श्रीनिवासने एक पानाचे टिपण लिहिले आणि निबंध ज्यात आला होता त्याच नियतकालिकाला पाठवण्याआधी सरांना दाखवायला नेले. टिपणात होते: 'माझ्या निबंधाच्या सातव्या पानावर मी एक विधान सर्वश्रुत असल्याचे म्हटले आहे. ते सर्वश्रुत नव्हते. ते मी माझे थोर गुरू, प्रज्ञावंत गणिती अच्युत बेहेरे यांच्या फळ्यावर पाहिले.' पुढे तारीख, वहीचा उल्लेख आणि विनंती, की यापुढे त्या लेम्याला आपले नाव देऊ नये.

सरांनी पेन्सिल काढली. 'थोर' गेला. 'प्रज्ञावंत' गेला. तारखेच्या पुढे मात्र त्यांनी श्रीनिवासच्या वतीने बारीक अक्षरात भर घातली: 'त्या दिवशीचा प्रश्न माझा होता.'

"हे नको, सर," श्रीनिवास काकुळतीला आला. "मला शोभत नाही ते."

"शोभायचा काय संबंध? खरं आहे. पत्ता अर्धा लिहू नये." आणि त्यांनी कागद परत दिला.

सोमवारी समिती बसली. अध्यक्षा होत्या डॉ. मालती शिरगोपीकर, रसायनशास्त्राच्या, करड्या पण न्यायी. श्रीनिवासने सरांची यादी जशीच्या तशी, मारलेल्या रेघेसह ठेवली आणि निर्देशांक सांगितला, अकरा. रेघेचे कारण सांगितले. मग 'इतर योगदान' या रकान्यात दोनशे शब्दांऐवजी त्याने आपले ते टिपण जोडले होते, ते वाचून दाखवले. एखाद्या विभागप्रमुखाने भर सभेत स्वतःचे नाव स्वतःच्या लेम्यावरून पुसून टाकावे, असे त्या खोलीत पूर्वी कधी झाले नव्हते.

"या लेम्याचे एकशे चाळीस संदर्भ त्यांच्या बाजूला धरता येतील का?" शिरगोपीकरबाईंनी विचारले. त्यांच्या स्वरात आशा होती.

"नाही, मॅडम. यंत्रात ते निबंधावर आहेत आणि निबंध माझा आहे. माझाच निर्देशांक एकोणीस येतो."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "कोंडविलकर, माझी फार इच्छा आहे. पण आज अकराला बारा म्हटलं तर उद्या सातला बारा म्हणणारे रांग लावतील. खोली द्यावी लागेल."

"द्यावीच लागेल," श्रीनिवास म्हणाला. "सरही तेच म्हणतील. मला फक्त एक विचारायचं आहे. विभागप्रमुखाच्या खोलीत, बुधवारी दुपारी, फळ्यासमोर कोणी उभं राहावं, याबद्दल काही नियम आहे का?"

शिरगोपीकरबाईंनी नियमांची फाइल उघडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. त्यांना इतक्या सावकाश पाने उलटताना कोणी पाहिले नव्हते.

"नाही," त्या फाइल मिटत म्हणाल्या आणि हसल्या. "याबद्दल नियम नाही."

पुढच्या मंगळवारी जुन्या इमारतीतला काळा फळा चार माणसांनी उचलून जिन्यावरून खाली आणला. विभागप्रमुखाच्या खोलीतल्या मोठ्या भिंतीवर श्रीनिवासची सन्मानचिन्हे होती. ती उतरवून खोक्यात भरली तेव्हा कुठे फळा मावला. उरलेल्या बोटभर जागेत सतरा ठिपक्यांची चौकट लागली. सर आले, फळ्यावरून हात फिरवून म्हणाले, "इथे उजेड बरा आहे," आणि खडू शोधू लागले. बाकी काही नाही.

बुधवारी तीन वाजता दार उघडे राहिले. पहिल्या आल्या त्या तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या एक बाई. विभागप्रमुखाची एवढी मोठी खोली पाहून त्या दारातच बिचकल्या. सरांनी त्यांच्या हातात खडू दिला. कुठे अडले ते त्या लिहू लागल्या आणि लिहिता लिहिता, सहज, कोपऱ्यात एक आकृती काढून म्हणाल्या, "मी वर्गात हे असं दुमडून दाखवते. मुलांना पटकन कळतं."

सर ती आकृती बघत उभे राहिले. श्रीनिवासही उठून फळ्यापाशी गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. ते दुमडणे दोघांपैकी कोणीही कधी पाहिले नव्हते.

सहा वाजता, फळा पुसण्याआधी, सरांनी वही काढली. त्यांचा हात अलीकडे थरथरे. श्रीनिवासने वही हळूच आपल्याकडे घेतली आणि उजव्या पानावर सगळे उतरवून घेतले. मग समोरच्या डाव्या पानाच्या डोक्यावर लिहिले: 'कोणाकडून'. आणि त्याने बाईंना नाव विचारले.

"अहो सर, माझं नाव कशाला?" बाई ओशाळून म्हणाल्या. "यात माझं काय आहे? हे तर सगळ्यांनाच माहीत असेल."

श्रीनिवासने वहीवरून मान वर केली.

"मला माहीत नव्हतं, बाई," तो म्हणाला. "पूर्ण नाव सांगा."